पहिल्या पोस्टिंगला निघताना

शपथविधी झाला, दिवा हातात धरलेले फोटो घरच्या ग्रुपवर पोचले, लॅबमधल्या मॅनिकिनला इंजेक्शनं टोचून झाली. आता नोटीस बोर्डावर यादी लागलीय आणि तुमच्या नावासमोर ‘फीमेल मेडिकल’ किंवा ‘मेल सर्जिकल’ असं लिहिलंय. कॉलेजातून एक छापील कागदही मिळालेला असतो. केस असे बांधा, बूट असे घाला, नखं कापा, मोबाइल आणू नका. बहुतेक जण तो एकदा वाचतात आणि घडी घालून वहीत ठेवतात. नियमामागचं कारण त्या कागदावर नसतं, म्हणून मॅडम वॉर्डात असेपर्यंत नियम आणि मॅडमची पाठ वळली की सैल कारभार, असं चालतं. विद्यार्थ्यांच्या मागे वॉर्डात फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. कारण कळलेल्या विद्यार्थ्याला नियम पुन्हा सांगावा लागत नाही, हे मी पाहिलंय. शिवाय वॉर्डात रोज असं काहीतरी घडतं जे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. तिथेही ते कारणच उपयोगी पडतं.

मनगट मोकळं का हवं

गणवेशाचे निम्मे नियम खरं तर हात धुण्याचे नियम आहेत. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांनीच तो आजार पसरत होता. आपण शिकायला आलो आहोत, आपल्यामुळे कुणाचं काय बिघडणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

जागतिक आरोग्य संघटना आज हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगते. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-उलटी यांच्याशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. पाचवा क्षण सगळे विसरतात. सलाईनचा स्टँड सरकवला, लॉकरवरचा ग्लास उचलला, पलंगाचा कठडा खाली केला, एवढ्यानेही हात धुण्याची वेळ झालेली असते. हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. घाईच्या वॉर्डात ४० सेकंद फार लांब वाटतात. तरी तेवढेच लागतात.

हे धुणं मनगटापर्यंत जायला हवं, आणि आपल्याकडे मनगट रिकामं क्वचितच असतं. राखी असते, सत्यनारायणाचा दोरा असतो, कुठल्या तरी दर्ग्याचा किंवा देवीचा गंडा असतो. ओला झालेला दोरा ड्यूटीभर ओलाच राहतो आणि एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर जातो. काचेच्या बांगड्यांच्या खालची कातडी साबणाला भेटतच नाही. शिवाय बांगडी फुटली तर काच रुग्णाच्या अंथरुणात.

सगळ्यात अवघड प्रसंग नव्या लग्नाच्या विद्यार्थिनीचा. हिरवा चुडा उतरवायचा म्हणजे घरी बोलणी खायची तयारी ठेवायची. अशा मुलीला वॉर्डाच्या दारात सगळ्यांसमोर बोलण्यात काही हशील नाही. तिला कॉलेजकडून लेखी नियम द्यावा, आणि तिने घरी सांगावं की बाळंतिणीच्या टाक्यांना आणि नवजात बाळाला याच हातांनी हात लावायचा असतो. ज्या सासूबाईंच्या घरात बाळंतपणं झाली आहेत त्यांना हे चटकन पटतं. ड्यूटीला निघताना बांगड्या काढायच्या, परतल्यावर घालायच्या. मंगळसूत्र आखूड असावं आणि गळ्याच्या आत असावं. लांब मंगळसूत्र वाकल्यावर थेट ड्रेसिंगवर टेकतं, आणि भ्रमात असलेला रुग्ण पहिल्यांदा हात घालतो तो गळ्यातल्या लोंबणाऱ्या वस्तूलाच. ओढणीचंही तेच. कपाळावरच्या छोट्या टिकलीने मात्र वॉर्डात कुणाला संसर्ग होत नाही. त्यावरून अर्धा तास झाडाझडती घेणाऱ्या वरिष्ठांचं मला नेहमी नवल वाटतं. ओटीत ती चिकटवलेली टिकली गळून नको तिथे पडू शकते, म्हणून तिथे काढायची, एवढंच. स्कार्फ किंवा पगडी वापरणाऱ्यांनी पोस्टिंगच्या आधी मॅडमशी बोलून घ्यावं. रोज धुतलेली, घट्ट बांधलेली, कुठलंही टोक न लोंबणारी असली तर अडचण सहसा उरत नाही.

घड्याळ हा जरा वादाचा विषय आहे. नाडी आणि श्वास मोजायला सेकंदकाटा लागतो, म्हणून आपली कॉलेजं मनगटी घड्याळाचा आग्रह धरतात. संसर्ग नियंत्रणाची मंडळी म्हणतात मनगटावर काहीच नको. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत २००८ च्या सुमारास कोपराखाली हात पूर्ण मोकळा ठेवण्याचा नियम आला, आणि तिथल्या नर्स छातीवर पिनने लावलेलं उलटं घड्याळ वापरतात. तुमच्या कॉलेजात तसं चालत असेल तर तेच घ्या; पुढे परदेशी जायचा विचार असेल तर सवय आत्ताच लागेल. चालत नसेल तर मनगटी घड्याळ साधं, धुता येईल अशा पट्ट्याचं घ्या, आणि हात धुताना व निर्जंतुक कामाआधी काढून खिशात टाका. स्मार्ट वॉच नको. त्यावर मेसेज आला की तुमची नजर रुग्णावरून हटते, आणि ते रुग्णाला दिसतं.

नखांना रंग नको, कृत्रिम नखं तर नकोतच, कारण घाण नखाखाली साठते आणि लांब नख ग्लोव्हज फाडतं. केसांचा अंबाडा जाळीत, कॉलरच्या वर. गजरा हॉस्टेलवर. मोगऱ्याचा वास आपल्याला छान वाटतो, पण ज्याला सकाळपासून उलट्या होताहेत त्याला विचारा. अत्तर आणि परफ्यूम यांचंही तसंच. दम्याच्या रुग्णाला त्याने खरोखर त्रास होतो. मुलांनी दाढीचा प्रश्न क्षयरोगाच्या वॉर्डाची पोस्टिंग लागण्याआधीच सोडवावा. एन-९५ मास्क चेहऱ्याच्या कातडीला घट्ट टेकला तरच काम करतो. मध्ये दाढी आली की कडेने हवा आत येते आणि मास्क नावापुरता उरतो.

बूट पुढून बंद, न घसरणारे आणि आवाज न करणारे. सुई खाली पडते ती टोकावर, आणि वॉर्डातली फरशी दिवसातून कितीदा तरी ओली असते. रात्री दोन वाजता टाचांचा टकटक आवाज किती लांबवर जातो, ते एकदा स्वतः ॲडमिट होऊन पडल्याशिवाय कळत नाही.

गणवेश घालून एसटीत, बाजारात किंवा वडापावच्या गाडीवर उभं राहू नये. वॉर्डातलं बाहेर आणि बाहेरचं वॉर्डात अशी दोन्ही बाजूंची ने-आण होते. कपडे बदलायला खोली मिळत नसेल तर ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वापरलेला गणवेश वेगळ्या पिशवीतून न्यावा, घरच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात धुवावा, उन्हात वाळवून इस्त्री करावी. पावसाळ्यात दोन गणवेश पुरत नाहीत, तिसरा लागतोच. विदर्भात मे महिन्यात पॉलिस्टरच्या गणवेशात बारा तास काढणं ही शिक्षा आहे. कापडाची निवड कॉलेजच्या हातात असली तरी विद्यार्थी संघटनेने सुती मिश्र कापडाची मागणी लावून धरायला हरकत नाही. आणि एक गोष्ट जी कागदावर कधीच नसते. पांढऱ्या गणवेशात पाळीच्या दिवसांत मुलींचं अर्धं लक्ष मागे डाग पडला का याच्याकडे असतं. लॉकरमध्ये पॅड, एक जादा सलवार आणि एक पिशवी कायम ठेवा. डाग पडलाच तर इन्चार्ज सिस्टरना सरळ सांगा आणि दहा मिनिटं मागून घ्या. त्याही त्याच गणवेशातून गेलेल्या असतात.

‘अहो’ कुणाला, ‘ए’ कुणाला

आपल्याकडे वॉर्डातली सभ्यता क्रियापदात कळते. स्पेशल रूममधल्या रुग्णाला ‘सर, जरा कुशीवर वळता का?’ आणि जनरल वॉर्डातल्याला ‘ए आजी, सरक तिकडं’. दोघांच्या पाठीला तेच जखमी होणारं कातडं असतं. हा फरक कुणी शिकवत नाही, तो ऐकून ऐकून अंगवळणी पडतो, आणि विद्यार्थी तो पहिल्या पंधरवड्यातच उचलतात. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवा: मोठ्या माणसाला अहो-जाहो, मग तो ऊसतोड मजूर असो, दारू पिऊन पडलेला असो, बेवारस असो की पोलिस पहाऱ्यातला कैदी असो. मावशी, काका, आजी, दादा ही नाती आपल्याकडे चालतात आणि रुग्णाला धीरही देतात, पण त्यांच्यापुढे ‘तू’ लागला की नात्याचा काही उपयोग राहत नाही. काही जणांना ‘आजी’ म्हटलेलं आवडतही नाही. मग नाव घेऊन ‘बाई’ म्हणावं. रुग्णाला ‘चौदा नंबर’ किंवा ‘ते अपेंडिक्स’ असं कधीच म्हणू नये, आपापसातही नाही. पडद्यामागे सगळं ऐकू येतं.

पहिलं वाक्य तयार ठेवा. ‘नमस्कार, मी अमुक, नर्सिंगची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. तुमचा बीपी बघायचाय, बघू का?’ यात तुमचं नाव, तुम्ही विद्यार्थी असल्याचं आणि काय करणार आहात ते आलं की पुरे. सिस्टर असल्याचा आव आणू नका. रुग्ण नाही म्हणाला तर चेहरा न पाडता ‘बरं, सिस्टरांना पाठवते’ म्हणायचं. विद्यार्थ्यांकडून काही करून न घेण्याचा त्याला अधिकार आहे. बेडबाथ, कॅथेटर, बेडपॅन, एनिमा यांच्या आधी पडदा ओढायचा आणि नातेवाइकांना बाहेर जायला सांगायचं. शेजारच्या पलंगावरच्या माणसाचे डोळे मिटलेले असले तरी पडदा ओढायचाच. मुलग्यांनी स्त्री रुग्णाचं काही करताना सोबत सिस्टर किंवा सहविद्यार्थिनी असल्याशिवाय हात लावू नये. यात रुग्णाचं जितकं रक्षण आहे तितकंच तुमचंही.

औषध देताना नाव विचारायची पद्धत बदला. ‘तुम्ही पाटीलच ना?’ असं विचारलं की कानाने कमी ऐकणारा, भूल उतरत असलेला किंवा नुसता घाबरलेला माणूस मान हलवतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं म्हणा आणि ते केस पेपरशी जुळवा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही वॉर्डात एका वेळी निदान दोन पाटील असतात.

लेबर रूमबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण बोलण्याची सगळ्यात वाईट वळणं तिथे लागतात. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, मांडीवर चापट मारणं, लाज वाटेल असं काहीतरी बोलणं, हे तुम्हाला दिसू शकेल. काही जुन्या मंडळींना ती प्रसूतीची पद्धतच वाटते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षातल्या स्वच्छतेइतकंच बाईच्या सन्मानाला स्थान आहे, आणि सोबतीला तिच्या पसंतीची बाई असू देण्यालाही. तुम्ही विद्यार्थी म्हणून वरिष्ठांना थांबवू शकणार नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही तिच्या डोक्याशी उभं राहू शकता, पाण्याचा घोट देऊ शकता, कंबर चोळू शकता, आता काय होतंय ते हळू आवाजात सांगू शकता. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि बाळ झाल्यावर ‘मुलगी झाली’ हे वाक्य कसं बोलता तिकडे लक्ष द्या. ‘मुलगीच आहे’, ‘असू दे, पहिलीच आहे’, ही सांत्वनं कुणी मागितलेली नसतात. ‘मुलगी आहे, छान रडली’ एवढं पुरतं. पेढे आले तर ते वॉर्डात सगळ्यांसाठी इन्चार्ज सिस्टरांकडे द्यायला सांगा. पैसे कुणी हातात कोंबले तर परत करा, दुसऱ्यांदा कोंबले तर सगळ्यांदेखत परत करा.

नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इकडे पोस्टिंग असेल तर भिलोरी, कोरकू, माडिया बोलणारे रुग्ण भेटतील. ‘कुठं दुखतंय’, ‘श्वास घ्या’, ‘घाबरू नका’, ‘सुई टोचते आहे’ एवढी चार वाक्यं तिथल्या मावशींकडून किंवा आशाताईंकडून शिकून वहीत लिहून घ्या. मोठ्याने मराठी बोलल्याने ती जास्त समजत नाही.

मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, यांच्याशीही तुमचं वागणं पाहिलं जातं. पलंगावरून जड माणूस कसा उचलायचा हे मी पुस्तकाआधी एका मामांकडून शिकले. इन्चार्ज सिस्टर रुग्णासमोर ओरडल्या तर तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. काम पूर्ण करा, नंतर बाजूला जाऊन विचारा. डॉक्टर आले की उभं राहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून आहे. पाळा. पण तुम्ही एखाद्या आजोबांना चमच्याने पेज भरवत असाल तर मात्र उठू नका, माझ्या मते कुणासाठीही नाही.

आत्याचा फोन

नर्सिंगच्या विद्यार्थ्याला वॉर्डाबद्दल पहिला प्रश्न परीक्षक विचारत नाही, गावाकडचे विचारतात. ‘अगं, आपल्या आळीतला तो तुझ्याच दवाखान्यात आहे म्हणे. काय निघालं रिपोर्टात?’ तालुक्याच्या रुग्णालयात निम्मे रुग्ण कुणाचे तरी पाहुणे असतात, त्यामुळे हा फोन येणारच. उत्तर आधी तयार असावं: ‘आत्या, आतलं बाहेर सांगायची आम्हाला परवानगी नसते. तुम्ही त्यांच्या घरीच विचारा.’ तो ॲडमिट आहे की नाही हेसुद्धा सांगायचं नाही. ‘फार काही नाही गं’ असं म्हणणं हीसुद्धा माहितीच झाली, आणि पुढे काही गंभीर निघालं तर खोटीही ठरली.

एचआयव्हीची नोंद असलेल्या रुग्णाबद्दल तर दुप्पट सावध राहा. २०१७ च्या कायद्यानुसार त्याच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करायला मनाई आहे. पलंगावर किंवा केस पेपरवर लाल पेनने खूण करणं म्हणजे ती सगळ्या वॉर्डाला सांगणंच झालं. सगळ्याच रुग्णांच्या रक्ताला सारखीच खबरदारी घ्यायची असते, तेव्हा खुणेची गरज कुठे राहते? मानसिक आरोग्य कायद्यातही, तोही २०१७ चाच, रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची आणि त्याचं छायाचित्र माध्यमांना न देण्याची तरतूद आहे.

मोबाइलबंदीचं खरं कारण इथे आहे. नवजात बाळाचं गोड तोंड, ओटीत घातलेला हिरवा गाउन, मागे दिसणारा फळा, त्यावर रुग्णांची नावं. एक रील टाकली की एवढं सगळं बाहेर जातं. चेहरा झाकला तरी गोंदण, पायातलं कडं, पलंगाचा क्रमांक यांवरून माणूस ओळखू येतो. केस स्टडी लिहिताना नाव, गाव, नोंदणी क्रमांक गाळायचे. केस पेपरचा फोटो काढून हॉस्टेलवर बसून लिहायचा नाही, वॉर्डातच बसून टिपणं काढायची. लिफ्टमध्ये, एसटीत आणि मेसमध्ये रुग्णांच्या गोष्टी नकोत. मागच्या सीटवर कोण बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

न घेतलेला टीपीआर

सगळ्या गैरवर्तनांत मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर चार्टवरच्या खोट्या आकड्यांची. वॉर्डातल्या तीस रुग्णांचं तापमान ९८.६ आणि सगळ्यांचा श्वास मिनिटाला २०, असा चार्ट पाहिला की समजायचं, कुणीतरी टेबलाशी बसून तो भरलाय. अस्वच्छ गणवेश दिसतो तरी, हा खोटेपणा दिसत नाही. श्वासाची गती ही रुग्ण बिघडत असल्याची फार आधी दिसणारी खूण आहे, आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही. मोजायची युक्ती सोपी आहे. नाडी पाहून झाल्यावरही मनगट तसंच धरून ठेवा आणि छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. मोजतो आहोत हे सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

एखादी नोंद राहिली तर रकाना रिकामा ठेवा आणि सिस्टरांना सांगा. रिकामा रकाना पाहून कुणीतरी रुग्णाकडे जाईल. खोटा आकडा पाहून कुणीच जाणार नाही. चूक लिहिलं तर एक सरळ रेघ मारून वर बरोबर लिहा आणि सही करा. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, दुसऱ्याच्या नावाने सही तर नाहीच.

याच्याशी जोडून हजेरीचं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. या धास्तीने विद्यार्थी ताप, जुलाब, आलेले डोळे, बोटावरची पिकलेली पुळी घेऊन ड्यूटीवर येतात, आणि नेमकी पोस्टिंग नवजात बालकांच्या कक्षात असते. बुडालेले दिवस नंतर भरून देता येतात. त्या बाळांना तुमचा संसर्ग सोसायला दुसरी संधी नसते. सकाळीच फोन करून कळवा.

न शिकवलेलं काम अंगावर आलं तर नाही म्हणायला शिकावं लागेल. वॉर्डात माणसं कमी असतात, सिस्टर एकट्या चाळीस रुग्णांमागे धावत असतात, आणि ‘जा, ते इंजेक्शन तू दे’ असं घाईत सांगितलं जातं. सांगणाऱ्यांचा राग धरू नका. ‘सिस्टर, हे मी अजून एकटीने दिलेलं नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहता का?’ असं म्हटलं की बहुतेक सिस्टर थांबतात. फोनवरून दिलेली औषधाची ऑर्डर विद्यार्थ्याने घ्यायचीच नाही. फोन सिस्टरांच्या हातात द्यायचा. आणि औषध चुकलंच तर तत्काळ सांगायचं, रुग्णाला काही होईल का याची वाट न पाहता. ओरडा बसेल. वेळेत कळलेल्या बऱ्याच चुकांवर काहीतरी करता येतं.

सुई टोचणं हा यातला सगळ्यात जास्त लपवला जाणारा प्रकार. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हा नियम तुम्ही पाठ केलेला असतोच. सुई थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते. तरीही टोचली, तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच इन्चार्ज सिस्टरांना सांगा आणि कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या, शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. माझीच चूक म्हणतील या भीतीने हे तास वाया घालवू नका. हिपॅटायटिस बी ची लस मात्र पोस्टिंगच्या आधीच सुरू व्हायला हवी. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. कॉलेजने विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

रात्रपाळीबद्दल थोडक्यात. रक्ताची पिशवी आणायला, एक्स-रे पोचवायला एकटीने सुनसान जिन्याने जाऊ नका. कुणीतरी सोबत मागा आणि निघताना सांगून जा. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला तो रुग्णालयाच्याच तळघरात, कपडे बदलताना. म्हणून कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आणि बाहेर दिवा आहे का, हे विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. त्रास देणारा रुग्ण असो, नातेवाईक असो, डॉक्टर असो की कर्मचारी, २०१३ च्या कायद्यानुसार संस्थेत अंतर्गत समिती असते आणि प्रशिक्षणार्थींनाही तिच्याकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. समितीची नावं भिंतीवर लावलेली असायला हवीत. पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा.

उपाशी पोटी ओटीत उभं राहू नका. पहिल्यांदा चीर पाहताना चक्कर येणं यात लाज नाही, पण निर्जंतुक टेबलावर कोसळलात तर सगळ्यांचं काम वाढतं. कान बधिर झाले, घाम फुटला, की मागे सरका आणि सरळ जमिनीवर बसा.

ड्यूटी संपताना रुग्णाला ‘मी आता जाते, पुढच्या सिस्टर अमुक आहेत’ असं सांगा. हँडओव्हर पलंगाशेजारी द्या. सलाईन किती उरलंय, लघवी किती झाली, पुढचं औषध किती वाजता, कोणती गोष्ट राहिली आहे. राहिलेली गोष्ट आधी सांगा, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष सुरुवातीलाच असतं. मग हात धुवा, कपडे बदला आणि जेवायला जा. मेस दोनला बंद होते आणि हँडओव्हर कधीच दोनला संपत नाही, तेव्हा ताट झाकून ठेवायला मैत्रिणीला सकाळीच सांगून ठेवलेलं बरं.